पांढरीचा मूळपुरुष

ज्या माणसानं माझ्या आजोबांची तिरडी अडवली, त्यांच्या गालाच्या आतून मी एका सकाळी कापसाची काडी फिरवली, ती नळीत बंद केली आणि नळीवर क्रमांक टाकला. "आबा, तोंड अजून थोडं उघडा," मी म्हणाले. त्यांनी उघडलं. दाढांवर तंबाखूचा काळा राप होता.

त्यांच्याबद्दल मी इथं अहोजाहोनंच लिहिणार आहे. मोठ्या माणसाला एकेरी बोलायचं नाही, हे वळण मला प्राथमिक शाळेतल्या बाईंनी लावलं. त्या बाईंचं वळण या एका माणसासाठी मी मोडणार नाही. पण अहोजाहो वेगळं आणि आदर वेगळा.

आम्ही धरणाची माणसं. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला डोंगरात आमचं गाव होतं. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि माझे आजोबा तरुण वयात बायको, एक म्हैस, देव्हाऱ्यातले टाक आणि नांगराचा फाळ एवढं घेऊन तासगाव तालुक्यात आले. एका जुन्या गावाच्या शिवेवर, मुरमाड माळावर आमची वसाहत बसली. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते या माळावरच जन्मले. मीही इथंच जन्मले. तरी गावाच्या लेखी आम्ही 'धरणगस्ती' ते धरणगस्तीच. शाळेत माझ्या डब्यात नाचणीची भाकरी दिसली की मुलं म्हणायची, "डोंगर उतरला गड्या, डबा झाका."

वसाहत बसवताना पुनर्वसनाच्या साहेबांनी आमच्या लोकांना स्मशानासाठी एक जागा दाखवली होती. गाव आणि वसाहत यांच्या मधे ओढ्याच्या वरच्या अंगाला एक टेकाड आहे आणि त्याला लागून सपाट पट्टी. जमीन सरकारी. त्या टेकाडाला सगळे पांढर म्हणतात. कधीकाळी जिथं वस्ती होती तिथली माती राखेनं, शेणानं, विरघळलेल्या भिंतींनी पांढरट होते, म्हणून पांढर. पूर्वी लोक धाब्याच्या घरांवर टाकायला ती माती गाड्या भरून न्यायचे. जागा आम्हाला दाखवली, पण ताबा कधी मिळाला नाही. त्या पट्टीत तेव्हाच्या सरपंचांच्या भावकीनं आधी ऊस लावला आणि मग द्राक्षबाग. ते सरपंच म्हणजे आबा.

आजोबा गेले तेव्हा मी चौथीत होते. श्रावण होता आणि पाऊस धरून बसला होता. तोवर आमच्यातलं कुणी गेलं तर ओढ्याकाठच्या दगडांवर सरण रचायचे. पण त्या दिवशी ओढा काठाला लागला होता. गावच्या स्मशानात नदीच्या बाजूला शेड होती. आमची माणसं तिरडी घेऊन तिकडं निघाली. वाटेवर आबा छत्री घेऊन उभे होते, मागं त्यांची भावकी.

अण्णांनी हात जोडले. "आवं आबा, पावसाचं दिस. एवढ्या बारीला होऊ द्या."

"ज्याचं त्याचं मूळ असतंय," आबा म्हणाले. "हितं आमची मानसं जळत्यात. तुमचं मानूस तुमच्या गावाला न्या."

"गाव पाण्याखाली हाय, आबा."

"मग पाण्यात न्या की."

मागं उभे असलेले हसले. मी तिथं नव्हते. बायका-पोरींनी स्मशानाच्या वाटेला जायचं नसतं. हे मला खांदा दिलेल्या चुलत्यांनी सांगितलं. अण्णांनी आजवर सांगितलेलं नाही.

पुढचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं, कारण तिरडी परत फिरली आणि आमच्या वसाहतीच्या कडेलाच, दारातून दिसेल अशा उंचवट्यावर सरण रचलं. चार पुरुष घरांवरचे पत्रे उचकटून सरणावर धरून उभे राहिले. पत्रा तापला की हात बदलायचे. अण्णा मुलगा म्हणून हात बदलेनात. त्यांच्या बोटांची कातडी निघाली आणि पुढं बरेच दिवस आई त्यांना घास भरवत होती. लाकूड ओलं होतं. मी जास्त लिहीत नाही. बायका स्मशानात का जात नाहीत, ते मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून अण्णा प्रत्येक ग्रामसभेत उठायचे आणि एकच विषय काढायचे: दाखवलेली जागा द्या. लोकांना त्याची सवय झाली. अण्णा उभे राहिले की कुणीतरी म्हणायचं, "आलं मसणातलं." अलीकडं छातीचं दुखणं मागं लागल्यापासून ते घरात एवढंच म्हणायचे, "मला त्या पत्र्याखाली घालू नगा."

मी काय करणार होते? मी शिकले. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. हायस्कूलच्या सरांनी सुट्टीत बोलावून फुकट गणित शिकवलं. साताऱ्याच्या कॉलेजात वसतिगृह मिळालं आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुण्याचं काम करून माझी फी भागली. पुढं शिरवळला एका औषधाच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केली. हातमोजे कसे घालायचे, नाकातोंडावर फडकं बांधून श्वाससुद्धा जपून कसा घ्यायचा, हे मी तिथं शिकले आणि त्याच शिस्तीवर पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत माझी संशोधनासाठी निवड झाली. तिथं हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांतून डीएनए काढतात. या वाटेवर ज्यांनी ज्यांनी हात दिला त्या सगळ्यांबद्दल मी कृतज्ञ आहे. पण खरं सांगायचं तर अभ्यासाला बसल्यावर मला त्यांचे चेहरे कमी आणि ती छत्री जास्त दिसायची. कृतज्ञतेवर माणूस चांगला वागतो. जागं राहायला मला दुसरंच काहीतरी लागायचं.

आमचा विषय असा: या मुलखात पहिल्यांदा शेती करणारी माणसं कोण होती? ती इथलीच, शिकार सोडून नांगराला लागलेली, की बी-बियाणं आणि शेरडं घेऊन कुठूनतरी आलेली? डीएनए म्हणजे माणसाच्या पेशीपेशीत आईबापांकडून आलेला धागा. मेल्यानंतर तो तुटत जातो. थंड देशांत तो बराच टिकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात फारच थोडा उरतो. त्यातल्या त्यात कवटीच्या तळाशी, कानाच्या आतल्या बाजूला एक अतिशय टणक हाड असतं, त्यात उरला तर उरतो. म्हणून जमिनीतून हाड निघालं की त्याला उघडा हात लावायचा नाही, धुवायचं नाही, त्याच्यावर बोलायचंसुद्धा नाही. आपला घाम, आपली थुंकी, आपला कोंडा, सगळ्यात आपला ताजा धागा असतो. तो जुन्यात मिसळला की हाड मुकं होतं.

दोन वर्षांमागं आबांनी बाग वाढवायची म्हणून पांढरीला जेसीबी लावला. टेकाडाची एक बाजू उतरवताना मातीची भांडी फुटली आणि भांड्यांशेजारी माणसाचा सांगाडा निघाला. आबांनी जेसीबी थांबवला. इतपत शहाणपण त्यांनी दाखवलं हे मी मान्य करते. मग त्यांनी जे केलं ते फक्त आमच्या भागातला माणूसच करू शकतो. त्यांनी भावकीला बोलावलं. घरातला मूळपुरुष सापडला असं सांगितलं. कवटी चौरंगावर ठेवून तिला आधी पाण्यानं, मग दुधानं आंघोळ घातली. हळद लावली, नारळ फोडला. मग कवटी मांडीवर घेऊन बसले आणि भावकीतल्या एकेका पुरुषानं येऊन ती दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली. बायकांनी लांबून ओवाळलं. आमच्या वसाहतीतले लोक बघायला गेले होते. त्यांना ओढ्याच्या पलीकडंच थांबवलं.

हे सगळं मोबाइलवर फिरलं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग मला विचारलं, "तू तिथलीच ना?"

मी 'हो' म्हणाले. मला 'तिथली' म्हणणारं ते पहिलं माणूस.

परवानग्या झाल्या आणि आम्ही पांढरीवर गेलो. उरलेल्या टेकाडात रीतसर खणलं. गोल घरांच्या जमिनी मिळाल्या, चुली मिळाल्या, जळून कोळसा झालेले सातूचे आणि हुलग्याचे दाणे मिळाले. भांड्यांच्या घडणीवरून मॅडम म्हणाल्या, ही वस्ती तीन हजार वर्षांपलीकडची, या खोऱ्यातल्या अगदी सुरुवातीच्या शेतकऱ्यांची. त्यातल्या एका चुलीशी गुडघे टेकून बसले तेव्हा तासभर मी सूडबीड सगळं विसरले होते. आमच्या आईसारखीच कुणीतरी तिथं हुलगे शिजवत असणार. मग वर पाहिलं तर टेकाडाच्या कडेला आबा खुर्ची टाकून बसलेले.

"कुनाची गं तू?" त्यांनी विचारलं.

मी अण्णांचं नाव सांगितलं.

"आसं व्हय! म्हंजी आपल्या वसाहतीतली!" ते आजूबाजूच्यांना म्हणाले, "बघा रं, आपल्या गावची पोर. शास्त्रज्ञ झाली." 'आपल्या' हा शब्द त्यांच्या तोंडून इतका सहज निघाला की माझ्या हातातला कुंचला थांबला. इतकी वर्षं तो त्यांना परवडत नव्हता आणि आता फुकट वाटत होते.

कवटी त्यांनी देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती. ती ताब्यात घेताना मॅडमनी सांगितलं, की हिला ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांचा नमुना लागेल. मी आबांना समजावून सांगितलं, "तुमचा धागा हाडाला लागला असला तर तो ओळखून बाजूला काढायला हवा, त्यासाठी घेतोय."

"घ्या की! समद्या भावकीचं घ्या," आबा म्हणाले. "जुळतंय का न्हाई ते तरी कळंल."

"जुळवायला नाही, आबा. वगळायला."

"त्येच की गं!" ते हसले. "जुळलं की झालं."

मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. ज्याला आपलंच ऐकायचं आहे त्याला दोनदा सांगावं असं माझ्या कुठल्याही शिक्षकानं मला शिकवलेलं नाही.

प्रयोगशाळेत ते काम मीच केलं. हाडाचा वरचा थर घासून काढला आणि आतल्या टणक भागाचा भुगा घेतला. दुधा-पाण्यानं ताजा घाम बारीक चिरांतून आतपर्यंत नेला होता. निघालेले धागे लांबच्या लांब होते, टोकं शाबूत. जुना धागा असा नसतो. तो आखूड तुकड्यांत मिळतो आणि त्याची टोकं एका ठरावीक तऱ्हेनं झिजलेली असतात. इथं जुना म्हणण्यासारखा जवळजवळ काहीच नव्हता. होते ते आबा. आणि त्यांच्या भावकीतले आणखी काही जण. नळ्यांवरचे क्रमांक एकेक करून जुळत गेले तेव्हा मी उठून बाहेर गेले, चहा घेतला आणि एकटीच हसले. लय दिवसांनी हसले.

पण कवटीला दात होते. दाताचं वरचं कवच लहानपणी तयार होतं आणि पुन्हा बदलत नाही. खडकातलं काही पाण्यात उतरतं, पाण्यातून पिकात, पिकातून मुलाच्या दातात. दूध घाला नाहीतर हळद लावा, ते पुसलं जात नाही. तो दात दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासला. आपल्याकडचा खडक सगळा काळा पाषाण. त्या दातातली खूण काळ्या पाषाणाची नव्हती. तो माणूस बाळपणी या पाण्यावर वाढलेला नव्हता. कुठं वाढला? दक्षिणेला खडक बदलतो, तिकडं कदाचित. नक्की सांगता येत नाही. पण इथं नाही.

इकडं आबांनी गावात वेगळंच सुरू केलं होतं. पांढर आणि तिच्या शेजारची पट्टी मिळून मूळपुरुषाचं स्मारक करायचं, त्याची देखभाल कायमची त्यांच्या भावकीकडं, असा ठराव त्यांना ग्रामसभेत हवा होता. ज्याचा पूर्वज त्याची जागा. वसाहतीची मागणी त्याच ठरावात निकालात निघणार होती. त्यांनीच प्रयोगशाळेला कळवलं, की ग्रामसभेत येऊन निकाल सांगा. मॅडमचं म्हणणं असं, की ज्यांच्या शिवारात सापडलं त्यांना आधी कळायला हवं. त्यांना स्वतःला येणं जमत नव्हतं. मला म्हणाल्या, "जेवढं माहीत आहे तेवढंच बोल. एक दात म्हणजे एकच दात."

"हो, मॅडम."

"तुझा चेहरा मला बरा दिसत नाही."

"जेवढं माहीत आहे तेवढंच बोलेन," मी म्हणाले, आणि तेव्हा मी ते मनापासून म्हणत होते. वाढवून बोलायची मला गरजच नव्हती.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. निघताना अण्णा म्हणाले, "त्यांनी सत्कार ठेवलाय म्हनं तुझा. घे गुमान. वाकडं बोलू नगं."

"अण्णा, जागा हवी ना तुम्हाला?"

"हवी तर हायच." ते चप्पल घालत थांबले. "पर मानूस पाडून न्हाई."

"मी कुणाला पाडणार नाही. मी फक्त निकाल सांगणार."

आबांनी खरोखरच मला शाल दिली, नारळ दिला. मग माईक हातात घेऊन म्हणाले, "आपल्या मूळपुरुषाची आन आमच्या रक्ताची तपासनी झालेली हाय. निकाल मला ठावं हाय, पर ह्या लेकीच्या तोंडनं ऐका."

मी उभी राहिले. डाव्या हाताला गावातल्या बायका होत्या, उजवीकडं वसाहतीतल्या. दोन्हीकडच्या बायका हंगामात तासगावच्या बेदाणा शेडवर एकत्र कामाला जातात. मी त्यांच्याकडं बघून बोलले.

"काकी, बेदाणा आणि द्राक्ष एकत्र ठेवलं तर तुम्हाला ओळखायला किती वेळ लागतो?"

"आंधळीला बी कळंल," एकजण म्हणाली.

"तसंच हे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा धागा बेदाण्यासारखा सुकलेला, आकसलेला, तुटका मिळतो. या हाडात आम्हाला बेदाणा मिळाला नाही. टवटवीत द्राक्षं मिळाली. ती आबांची आणि त्यांच्या भावकीतल्या माणसांची आहेत."

टाळ्या वाजायला लागल्या. आबांनी हात वर केला. "म्हंजी जुळलं!"

"जुळलं, आबा. कारण तुम्ही कवटीला दूध घातलं, मांडीवर घेतलं आणि सगळ्यांनी कपाळाला लावलं. तो तुमचा घाम आहे. मूळपुरुषाचा धागा त्यात सापडलाच नाही."

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. मागच्या बाजूला ज्यांना ऐकू गेलं नव्हतं ते वाजवतच होते, पुढचे मागं वळून त्यांना गप्प करत होते. तेवढ्यात वसाहतीच्या बाजूनं आमच्या शेजारची काकी मोठ्यानं म्हणाली, "आवं आबा, मग तुमी दूध कुनाला घातलं? सोताच्याच टकुऱ्याला?"

पटांगण हसलं. गावातल्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. भावकीतले तरुण खाली बघत होते. आबांचा चेहरा मी नीट पाहिला. इतकी वर्षं मी तो मनात रंगवला होता. प्रत्यक्षात तो त्याहून लहान झाला.

"आसं हाय तर आसू द्या," ते म्हणाले. "रक्त न्हाई घावलं, पर मानूस तर हितलाच हाय न्हवं? आमच्या पांढरीत निघालाय त्यो."

मग मी दाताबद्दल सांगितलं. एकच दात आहे, हे सांगितलं. कुठला ते नक्की सांगता येत नाही, हेही सांगितलं. मॅडमना दिलेला शब्द मी पुरेपूर पाळला. "पण लहानपणी तो या पाण्यावर वाढलेला नाही," मी म्हणाले. "बाहेरून आला, इथं राहिला आणि इथंच त्याला मूठमाती मिळाली. त्याला कुणी त्याच्या गावाला न्यायला सांगितलं नाही, आबा. पाण्यात न्यायलाही सांगितलं नाही."

हे वाक्य मी चौथीपासून जवळ बाळगलं होतं. साताऱ्याच्या वसतिगृहात, शिरवळच्या कारखान्यात, कुठं कुठं ते घासून ठेवलं होतं. मी ते बोलले आणि आबांकडं पाहिलं.

त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"कोन म्हनलं पाण्यात न्या?" त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. मग मला, "कवा गं?"

ते नाटक करत नव्हते. नाटक करणारा माणूस मला ओळखता येतो. आजोबांची तिरडी, तो पाऊस, छत्री, यातलं काहीही त्यांच्यापाशी शिल्लक नव्हतं. ते वाक्य त्यांनी थुंकल्यासारखं टाकलं होतं आणि पुढं निघून गेले होते. त्यांच्या लक्षात नाही म्हणून माझा राग कमी झाला असं कुणाला वाटेल. तो दुप्पट झाला. आम्ही जे आयुष्यभर वाहिलं ते त्यांना दोन मिनिटंसुद्धा जड झालं नव्हतं.

अण्णा मागच्या रांगेत उभे राहिले. नेहमीप्रमाणं कुणीतरी "आलं मसणातलं" म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. कुणी म्हणालं नाही.

"दाखवलेली जागा द्या," अण्णा म्हणाले आणि खाली बसले.

ठराव झाला. टेकाडाला कुणीच हात लावायचा नाही, ते पुरातत्त्वाच्या लोकांकडं. शेजारची पट्टी वसाहतीच्या स्मशानाला. गावातल्याच एका शिक्षकानं सुचवलं आणि गावातल्या बायकांनी आधी हात वर केले. मग मोजणी आली, खुंट्या ठोकल्या. आबांच्या बागेच्या शेवटच्या ओळी पट्टीत निघाल्या. वेलींवर माल होता.

आबांनी निरोप पाठवला, की माल निघेपर्यंत थांबा. मी फोनवर अण्णांना म्हणाले, "एक दिवससुद्धा थांबू नका. आपल्यासाठी कोण थांबलं होतं?"

"पिकलेल्या मालावर कुऱ्हाड घालायला मी काय ढोर हाय व्हय?" अण्णा चिडले. "येलीनं काय केलंय तुझं?" वसाहतीनं अण्णांचं ऐकलं. माल निघाला. मला ते आवडलं नाही आणि आजही आवडत नाही.

वेली काढायच्या दिवशी मी रजा टाकून गेले. मांडवाच्या तारा सोडवून झाल्या होत्या. आबा आले नाहीत. त्यांच्या पुतण्यानं माणसं लावली होती. खोडं मुळासकट उपटून निघत होती तेव्हा प्रत्येक वेळी जमीन फाटल्याचा आवाज यायचा. मी खुंटीपाशी उभी राहून तो ऐकत होते. मला कुणी म्हणालं असतं की घरी जा, तर मी गेले नसते. पुतण्या म्हणाला, "लाकूड न्यायचं तर न्या, आमाला नगं." वसाहतीतल्या बायकांनी बारक्या फांद्या चुलीला उचलल्या.

अण्णा मात्र जाड खोडं निवडत होते. एकेक उचलून, वजन बघून, माती झटकून बाजूला रचत होते. नव्या शेडसाठी खड्डे घेतले होते, त्यांच्याशेजारी त्यांनी दगडांवर ढीग लावला, खालून वारा खेळेल असा, आणि वरून ताडपत्री घातली.

"हे कशाला, अण्णा?" मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं.

"माझ्यासाठी." त्यांनी ताडपत्रीच्या टोकाला दगड ठेवला. बोटांवरचे जुने पांढरे व्रण मातीनं झाकले होते. "आबाच्या बागंतलं लाकूड हाय. चांगलं जळंल."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. माणूस पाडू नको म्हणणारे, वेलींची कीव करणारे माझे अण्णा. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण डोळ्यांत काहीतरी चमकत होतं, आणि ते मी आरशात पुष्कळदा पाहिलेलं आहे.

"ओलं आहे अजून," मी म्हणाले.

"वाळू दे की निवांत," अण्णा हात झटकत म्हणाले. "मला काय घाई हाय?"